पटावर ३८, पंगतीला १२: छोट्या गावातली अंगणवाडी भरायची कशी?

एका सरपंचताईंचा प्रश्न थोडक्यात असा: "आमचं गाव ९०० वस्तीचं, त्यातला एक तांडा ओढ्यापलीकडे. अंगणवाडीच्या पटावर ३८ मुलं आहेत, रोज येतात १२. तालुक्याच्या इंग्रजी शाळेची व्हॅन सकाळी १४ मुलं घेऊन जाते. लोक म्हणतात, ग्रामपंचायतीनेच सेमी-इंग्रजी नर्सरी काढावी. काढावी का? की अंगणवाडी सुधारली तर पोरं परत येतील? त्यात आमची मदतनीस दोन महिन्यांनी निवृत्त होतेय."

सरपंचताई, नर्सरी काढू नका. कारण पुढे सांगते. आधी तुमच्याच आकड्यांची बेरीज करू. अंगणवाडीत १२, व्हॅनमध्ये १४, झाले २६. पटावर ३८. मग उरलेली १२ मुलं कुठे आहेत?

मी २६ वर्षं अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका होते. गावाकडे अजून मुख्यसेविकाच म्हणतात. माझ्या बीटमधल्या, म्हणजे माझ्याकडे सोपवलेल्या गटातल्या, निम्म्याहून जास्त अंगणवाड्या तुमच्याच गावाएवढ्या वस्तीच्या होत्या. प्रत्येक गावात सगळ्यांचे डोळे व्हॅनवर असायचे. व्हॅन दिसते, हॉर्न वाजवते, लाल टाय घातलेली पोरं त्यात चढतात, साहजिकच आहे. पण जी पोरं ना अंगणवाडीत ना व्हॅनमध्ये, त्यांच्याबद्दल ग्रामसभेत कधी कोणी बोललेलं मी ऐकलं नाही. तुमची खरी अडचण ती १२ मुलं आहेत. व्हॅनमधली मुलं निदान कुठेतरी जातात. ही १२ कुठेच जात नाहीत. २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्याने तीन ते सहा वर्षांच्या प्रत्येक मुलाला नाश्ता आणि गरम ताज्या आहाराचा हक्क दिलाय. तोही या मुलांचा बुडतो.

तेव्हा पहिलं काम: सेविका आणि आशाताईंना घेऊन बसा आणि ३८ नावं एका कागदावर लिहून काढा. रजिस्टरवर विसंबू नका. हे मी स्वतःच्या चुकीतून सांगतेय. एका वर्षी वरून हजेरी वाढवून दाखवायचा फार रेटा होता आणि मीही सेविकांना "पट भरलेला दिसला पाहिजे" असं सांगून बसले. पुढच्या महिन्यात एका अंगणवाडीत अचानक गेले. हजेरीपटावर ४१ मुलं हजर होती. दारात चपला मोजल्या, १३ जोड, अनवाणी आलेली दोन. १५ मुलं. सेविकेचा चेहरा पडला, आणि मला कळलं की हा खोटेपणा तिचा नाही, माझा आहे. तेव्हापासून कुठल्याही अंगणवाडीत शिरण्याआधी मी चपला मोजते. तुम्हीही मोजा. सेविकेला पकडायला मोजू नका. खरा आकडा कमी निघाला तरी तिला कोणी बोल लावणार नाही, हे तिला कळायला हवं. ते कळेपर्यंत खरा आकडा तुम्हाला मिळणार नाही.

नावं लिहिलीत की दिसेल की "येत नाही" या दोन शब्दांत चार-पाच वेगळ्या गोष्टी आहेत. काही मुलं तांड्यावरची असतील. मध्ये ओढा, आणि तीन वर्षांचं मूल एक किलोमीटर चालत नाही. काही घरं दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. त्यांची मुलं चार-पाच महिने उसाच्या फडाजवळच्या कोपीवर, म्हणजे झोपडीत असतात आणि परत आली की अंगणवाडी त्यांना परकी झालेली असते. काही नुकतीच तीन पूर्ण झालेली, "अजून लहान आहे, रडतं" म्हणून घरी. एखादं मूल उशिरा बोलणारं किंवा पाय अधू असलेलं, ज्याला घरच्यांनीच आत ठेवलंय. आणि एखादी पाच वर्षांची मुलगी, जी धाकट्या भावाला कडेवर घेऊन बसलेली असते कारण आई खुरपायला गेलीय. प्रत्येकाचं औषध वेगळं. पाचही जणांच्या घरी जाऊन "पाठवा हो अंगणवाडीत" म्हटलं, तर एकही येत नाही.

हा प्रश्न आजचा नाही, आणि "अंगणवाडी" हा शब्दच त्यातून आलाय. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केलं. अनुताई वाघ तिथे त्यांना येऊन मिळाल्या. पुढे १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर, आदिवासी पाड्यांत गेलं. बालवाडी उघडली तरी पाड्यावरची मुलं येईनात. तेव्हा त्यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. धाकटी भावंडं सांभाळणाऱ्या मुलीसाठी पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एका ठिकाणी आणली, तिला विकासवाडी म्हटलं. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. मूल का येत नाही ते आधी शोधायचं आणि मग शाळेचा आकार बदलायचा, ही त्यांची रीत. २ ऑक्टोबर १९७५ला देशात एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली तेव्हा अंगणवाडी हेच नाव देशभर गेलं. नाव गेलं, पण ही रीत वाटेत बरीचशी सांडली.

तुमच्या तांड्याचंच बघा. ग्रामीण भागात साधारण ४०० ते ८०० वस्तीला एक अंगणवाडी आणि १५० ते ४०० वस्तीला मिनी अंगणवाडी, असा निकष आहे. तांड्याची वस्ती १५०च्या वर असेल तर प्रस्ताव जरूर करा, पण त्यावर विसंबून राहू नका, वेळ लागतो. माझ्या बीटमधल्या एका गावात असाच ओढा होता. तिथल्या ग्रामपंचायतीने दोन सिमेंटचे पाइप टाकून वर मुरूम पसरला. मदतनीस सकाळी तिकडून निघायची आणि सहा-सात मुलं तिच्या पदराला धरून रांगेने यायची. पट वाढवायच्या कुठल्याही मोहिमेपेक्षा त्या पाइपांनी जास्त मुलं आणली. तांड्यावरच्या मुलाला आणखी एक अडचण असते, भाषेची. घरात गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली बोलणारं मूल अंगणवाडीत येऊन दोन-दोन महिने तोंड उघडत नाही आणि आपण त्याला मंद समजतो. माझ्या एका सेविकेने तांड्यावरच्या आयांकडून वीस-पंचवीस शब्द शिकून घेतले. घाबरून दारातच उभ्या राहिलेल्या मुलीला तिने "तुझी याडी कुठे गेली गं?" एवढंच विचारलं. याडी म्हणजे आई. मुलगी वळून बघायला लागली. आठवड्याभरात ती आत बसायला लागली.

आता गुणवत्तेचं. मुलं आणणं हा अर्धा भाग. आणलेली मुलं टिकतात ती आत काय चाललंय त्यावर.

बहुतेक गावांत अंगणवाडी म्हणजे खिचडी, हे समीकरण पक्कं झालंय, आणि त्यात सेविकेचा दोष फार थोडा आहे. तिच्याकडे सहा सेवांचा बोजा आहे: पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा (गरज पडल्यास दवाखान्यात पाठवणं), आरोग्य-आहार शिक्षण आणि पूर्वप्राथमिक शिक्षण. शिवाय २०२१पासून पोषण ट्रॅकर या मोबाइल ॲपवर रोजच्या नोंदी, गरोदर-स्तनदा मातांच्या गृहभेटी, सर्वेक्षणं, बैठका. बुडाली तरी कोणी नोटीस काढत नाही अशी या सहांत एकच सेवा आहे, ती म्हणजे शिक्षण. म्हणून तीच बुडते. केंद्राच्या 'पोषण भी पढाई भी' या २०२३च्या कार्यक्रमात रोज किमान दोन तास शिक्षणाचे म्हटलेत. ते दोन तास तिच्या हातात राहू देणं ही सरपंच म्हणून तुमची सगळ्यात मोठी मदत ठरेल. गावाला सांगून टाका, सकाळी १० ते १२ सेविकेला कोणी हाक मारायची नाही. दाखल्याची सही, बचत गटाची पावती, लाभार्थ्यांची यादी, सगळं १२ नंतर. आणि ग्रामपंचायतीत तिला बोलावणाऱ्यांत बहुतेकदा आपणच पहिले असतो, तेही थांबवा.

वेळेची ही गोष्ट मी भावनेने सांगत नाही. तामिळनाडूत ३२० अंगणवाड्यांवर एक मोठा अभ्यास झाला. त्यातल्या निम्म्या केंद्रांना फक्त मुलांना शिकवण्यासाठी अर्ध्या वेळेची एक जादा कार्यकर्ती दिली. शिक्षणाचा वेळ दुप्पट झाला, मुलांचं भाषा-गणित सुधारलं, आणि आधीच्या सेविकेचा वेळ मोकळा झाल्याने कुपोषणही घटलं. इमारत तीच, गाव तेच, दोन हात फक्त वाढले.

त्या दोन तासांत काय चालावं? अभ्यासक्रम नाही असं नाही. राज्याचा 'आकार' आहे, केंद्राचा २०२४चा 'आधारशिला' आहे, आठवडेवार नियोजनासकट. अडचण असते ती कुलुपाची. मी कित्येक अंगणवाड्यांत पाहिलंय, ठोकळे, मणी, चित्रकार्डं, कोडी, सगळा संच कपाटात, प्लॅस्टिकही न काढलेला. कारण डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे टिकाऊ सामानाच्या वहीत, नोंद आहे, आणि तुटलं तर तपासणीत उत्तर कोण देणार? तुमच्या पर्यवेक्षिकेशी बोला, खेळणी वापरून झिजली-तुटली तर सेविकेला जबाबदार धरणार नाही हे तिच्याकडून लेखी घ्या आणि तो कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. दोन वर्षांनी तुटकी खेळणी निघाली तर आनंद माना, ती मुलांच्या हातात पोचली होती. संच नसेल तरी अडत नाही. चिंचोके, बाटलीची झाकणं, करवंट्या, वाळू, ज्वारीची धाटं, जुनी लग्नपत्रिका. कोसबाडला बिया, पानं, शिंपले यांवरच सगळं शिक्षण उभं राहिलं.

गुणवत्ता पाहायला तज्ज्ञ लागत नाही. एखाद्या मंगळवारी सव्वादहाला जा, खुर्ची नको, मुलांबरोबर सतरंजीवर बसा, वीस मिनिटं काही बोलू नका. फक्त हे बघा: बोलतंय कोण? सेविका एकटी बोलते आणि मुलं एका सुरात "होऽ" म्हणतात, की एखादं मूल स्वतःचं काही सांगतंय आणि ती ऐकून पुढचं विचारतेय? मुलांच्या हातात काही आहे का? तीन वर्षांचं आणि साडेपाच वर्षांचं मूल एकच काम करतंय की वेगवेगळं? गोष्ट सांगितली गेली का? तीन ते सहाची मुलं एकाच खोलीत असतात, त्यामुळे सगळ्यांना एकच धडा दिला की लहान रडतात आणि मोठी कंटाळतात. मोठी पाच-सहा मुलं कोपऱ्यात ठोकळ्यांची वर्गवारी करताहेत, लहानगी वाळूत बोटं फिरवताहेत, आणि सेविका एका गटाजवळ बसलीय, एवढं दिसलं तरी ती अंगणवाडी चांगली आहे असं समजा.

आता तुमची व्हॅन. पालकांना नावं ठेवू नका. ते पोटाला चिमटा काढून फी भरतात. त्यांना इंग्रजी हवंय, वेळेवर सुटणारी शाळा हवीय, आणि मूल काहीतरी शिकतंय याचा पुरावा हवाय. वहीत लिहिलेलं पान हा त्यांना दिसणारा एकच पुरावा. अंगणवाडीतून मूल घरी येतं ते रिकाम्या हाताने, मग आईला वाटतं, खेळून आलं.

एका माता बैठकीत मी एक साधी गोष्ट केली होती. व्हॅनने जाणारा साडेचार वर्षांचा एक मुलगा आईसोबत आला होता. आईने कौतुकाने सांगितलं, ५० पर्यंत लिहितो. पाटी दिली. त्याने खरंच लिहिलं, सुबक अक्षरात, वर न बघता. मग मी चिंचोक्यांची वाटी पुढे केली आणि म्हटलं, बाळा, मला सात दे. त्याने आईकडे बघितलं, मूठ भरली आणि सगळीच माझ्या हातावर ठेवली. शेजारी अंगणवाडीतली एक मुलगी बसली होती, तिला आकडा लिहिता येत नव्हता. तिने एक-एक करून सात मोजले, माझ्या हातावर ठेवले, आणि त्याच्या आधीच्या मुठीतला एक खाली पडला होता तो उचलून "हा जास्तीचा" म्हणाली. कोणी हसलं नाही. त्या मुलाच्या आईने हळूच विचारलं, "म्हणजे याला सात कळतच नाही का?" मी सांगितलं, कळेल, हुशार आहे तो, फक्त त्याला कोणी मोजायला दिलं नाही. तुम्ही हे करायला गेलात तर एक जपा, त्या मुलाला चारचौघांत कमी ठरवू नका. मला आजही वाटतं, मी त्याला आधी तीन मागायला हवे होते.

राजस्थान, आसाम आणि तेलंगणात सुमारे १४ हजार मुलांचा चार ते आठ वर्षं वयापर्यंत मागोवा घेणारा एक अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात हेच निघालं: खाजगी नर्सरी म्हणजे पहिलीचा वर्ग खाली ओढलेला, अंगणवाडीत शिक्षण जवळपास नाहीच, आणि वयाला साजेसं खेळातून शिकणं दोन्हीकडे दुर्मीळ. तुम्ही ते गावात उभं केलंत तर तालुक्याच्या व्हॅनकडेही नसलेली गोष्ट तुमच्याकडे असेल. मग पुरावा दिसू द्या. दर शनिवारी मुलाने केलेलं एक काहीतरी घरी जाऊ दे, चित्र, पानांचा कोलाज, मातीचा बैल. महिन्यातून एकदा आयांना तासभर नुसतं आत बसून बघायला बोलवा. इंग्रजीची भीती असेल तर रोज एक इंग्रजी गाणं, चार शब्द खेळात येऊ द्या, काही बिघडत नाही. पण मूल विचार करतं, भांडतं, गोष्ट रचतं ते घरच्या भाषेत, आणि ती पक्की झाली की इंग्रजीही लवकर येते, हे आयांना न रागावता सांगा.

ग्रामपंचायतीची नर्सरी का नको, ते आता लक्षात आलं असेल. मुलं ३८च आहेत. ९०० वस्तीत वर्षाला तेरा-चौदा बाळं जन्मतात, त्यामुळे हा आकडा वाढणार नाही. तिसरं दुकान उघडलंत तर तीन ठिकाणी बारा-बारा मुलं होतील. नर्सरीला बाईंचा पगार दरमहा कुठून आणाल? सरपंच बदलला की ती बंद. आणि अंगणवाडीत सगळ्यात गरीब घरची मुलं तेवढी उरतील. चौदा चांगल्या घरची मुलं जिथे नाहीत, तिथली तक्रार कोणी ऐकत नाही हे तुम्ही-आम्ही जाणतो.

पैसे आहेत ते इकडे वळवा. ग्रामपंचायतीच्या उत्पन्नातले १० टक्के महिला व बालकल्याणासाठी असतात. त्यातून भिंतीवर कार्टून रंगवायच्या आधी मुलांच्या उंचीची उघडी मांडणी करा, जाड सतरंज्या घ्या, पाण्याचा नळ मुलाच्या हाताला येईल असा बसवा, आणि शौचालयाला कुलूप असेल तर ते आजच काढा. पाच वर्षांच्या मुली शौचालय नसल्यामुळे दुपारपर्यंत थांबत नाहीत, आणि घरी कोणी कारणही सांगत नाही. रंग शेवटी.

जिल्हा परिषद शाळेच्या गुरुजींना यात घ्या. पट घसरला तर संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरतात तेव्हा, त्यांचंच पद जातं, ते मनापासून मदत करतील. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ हा एकच पायाभूत टप्पा मानलाय, म्हणजे अंगणवाडीची तीन वर्षं आणि पहिली-दुसरी एकाच दोरीत. गुरुजींनी आठवड्यातून एकदा अंगणवाडीत येऊन गोष्ट सांगावी, मोठ्या मुलांनी महिन्यातून एकदा पहिलीच्या वर्गात जाऊन बसावं. पालक व्हॅन निवडतात त्यात पुढे शाळेत जागा मिळेल का ही धास्तीही असते. "अंगणवाडीतून थेट आमच्या पहिलीत, मी ओळखतो तुमच्या मुलाला," असं गुरुजींनी स्वतः सांगितलं की ती बरीच कमी होते.

व्हॅनमधली १४ मुलं पटावर राहू द्या, पण त्यांच्याही वजन-उंचीची नोंद दर महिन्याला व्हायला हवी. दुपारी व्हॅन परतल्यावर तासभर ठेवा. टाय घातलेलं मूल कुपोषित नसतं असं कोणी समजू नये, मी पाहिलीत. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांची स्थलांतराची नोंद ते निघायच्या आधी सेविकेकडून करून घ्या, म्हणजे जिथे जातील तिथल्या अंगणवाडीत नाव लागू शकतं. आणि त्यांच्यातलं कोणी आजी-आजोबांकडे मागे राहणार असेल तर ते मूल त्या आठवड्यापासूनच अंगणवाडीत यायला हवं.

राहिली मदतनीस. हे मात्र आजच हातात घ्या. ती गेली की तांड्यावरची मुलं रांगेने आणायला कोणी नाही, आणि सेविका एकटीच चूल, ट्रॅकर आणि मुलं सांभाळत बसेल. पद रिकामं होण्याआधीच बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांना ग्रामसभेच्या ठरावासह पत्र द्या, पोच घ्या, आणि दर पंधरा दिवसांनी विचारत राहा. भरती होईपर्यंत आयांची पाळी लावता येते, रोज दोघी, १० ते १२. त्यांनी स्वयंपाक करायचा नाही, तो बचत गटाकडे असू दे. त्यांनी मुलांजवळ बसायचं आणि रांग आणायची. तांड्यावरची एक आई पाळीत असलीच पाहिजे, नाहीतर पहिल्याच आठवड्यात तिकडची मुलं गळतील. आताच्या मदतनीस बाईंना निरोप द्याल तेव्हा शेवटचा महिना नव्या आयांना त्यांच्यासोबत घरोघरी फिरवा. कोणतं मूल कोणाच्या हाकेला उठतं, कोणत्या घरी आजीला आधी विचारावं लागतं, हे कुठल्याही रजिस्टरमध्ये नाही, त्यांनाच माहीत आहे.